प्रायमाक्विन आणि रोग्याचे रक्त

ताप उतरला म्हणजे हिवताप गेला, असे समजून गोळ्या मध्येच सोडण्याची चूक पुष्कळांच्या हातून होते. व्हायवॅक्स जातीच्या हिवतापाचे जंतू रक्तातून नाहीसे झाले तरी त्यांतील काही यकृतात सुप्त राहतात आणि काही आठवड्यांनी वा महिन्यांनी पुन्हा ताप आणतात. क्लोरोक्विनचा या सुप्त जंतूंवर परिणाम होत नाही. त्यांच्यासाठी प्रायमाक्विन द्यावे लागते व ते आपल्याकडील प्रचलित पद्धतीप्रमाणे १४ दिवस घ्यावयाचे असते.

परंतु हेच औषध थोड्या रोग्यांना बाधते. लघवी कोऱ्या चहासारखी गडद होते, डोळे पिवळे दिसतात, चालताना धाप लागते. रक्तातील तांबड्या पेशी फुटू लागल्याची ही लक्षणे होत. असे काहींनाच का व्हावे, याचा उलगडा अमेरिकेतील इलिनॉय राज्यात स्टेटव्हिल तुरुंगातील बंदिवानांवर केलेल्या प्रयोगांतून झाला. औषध बाधणाऱ्या माणसाच्या तांबड्या पेशींना किरणोत्सर्गी क्रोमियमची खूण करून त्या औषध न बाधणाऱ्याच्या शरीरात घातल्या. प्रायमाक्विन देताच त्या फुटू लागल्या. उलटपक्षी, निरोगी पेशी बाधणाऱ्याच्या शरीरात घातल्या असता त्या टिकून राहिल्या. उणीव पेशीतच होती. १९५६ मध्ये ती नेमकी सापडली: पेशीचे रक्षण करणारे जी-६-पी-डी नावाचे विकर अशा व्यक्तींत कमी असते. ही उणीव आनुवंशिक असून मुलाला ती आईकडून मिळते. पुरुषांत ती अधिक आढळते. (बंदिवानाची संमती कितपत मोकळी मानावी, हा प्रश्न मात्र उरतोच.)

म्हणून सोय असेल तेथे आधी रक्ताची ही तपासणी करून घ्यावी. गरोदर स्त्रिया व तान्ही मुले यांना हे औषध देत नाहीत. रिकाम्या पोटी गोळी घेतल्याने पोट दुखते. तेवढ्यासाठी औषध सोडू नये, जेवणानंतर घ्यावे. लघवीचा रंग बदलल्यास मात्र गोळी ताबडतोब थांबवून वेष्टनासह प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. बाधा बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून दिसू लागते. अशी गोष्ट सांगण्यास स्त्रिया व शाळकरी मुले संकोचतात. आरोग्यसेवकाने व शिक्षकाने ती स्वतः होऊन विचारावी.

घडलेला दुष्परिणाम केंद्राच्या वहीतच राहू नये. २०१० मध्ये सुरू झालेल्या भारतीय औषध-दक्षता कार्यक्रमाकडे त्याची माहिती डॉक्टरांप्रमाणेच रोगी स्वतःही कळवू शकतो.