कुठे घेतली अ‍ॅडमिशन?

बारावीचा निकाल लागला की सोसायटीच्या लिफ्टमध्ये हाच प्रश्न. पोरीला माटुंग्याचं रुईया किंवा चर्चगेटचं कॉलेज मिळालं असेल, तर आपण कुणी विचारायच्या आत नाव सांगून मोकळे होतो. वाशीचं असेल तर? "इथेच, मॉडर्नला. जवळ पडतं ना!"

ते 'जवळ पडतं ना' आपण समोरच्यासाठी जोडतो. पण शेजारी सॅक अडकवून पोरगीही उभी असते. तिला त्यातून एवढंच कळतं, की आईला माझी लाज वाटतेय.

तसं काही नसतं हो. आपल्याला फक्त धास्ती असते. पुढे नोकरीचं काय, जाऊबाईंचा मुलगा कुठल्या कुठे गेला... डबे, लोकल, ऑफिस यांत दमलेल्या जिवाला शब्द तोलून बोलायला सवड कुठे?

खरं तर या कॉलेजचं नाव घेताना आवाज खाली करायचं कारणच नाही. सगळे ज्याला मॉडर्न म्हणतात, ते कर्मवीर भाऊराव पाटील कॉलेज १९७९ पासून वाशीत उभं आहे. लोकल वाशीला आली १९९२ साली! संस्था रयत शिक्षण संस्था, म्हणजे १९१९ साली कराडजवळच्या काले गावात कर्मवीरांनी सुरू केलेली. साताऱ्याच्या बोर्डिंगातल्या पोरांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने विकले, शेवटी मंगळसूत्रही. आणि आपल्या वाशीच्या मार्केटातले किती माथाडी त्याच सातारा भागातून आलेत! घरातलं पहिलंच पोर कॉलेजात जातंय, अशा आईबापांसाठीच तर हा सगळा खटाटोप होता.

'कमवा आणि शिका' हीही कर्मवीरांचीच शिकवण. तरी आपला मुलगा म्हणाला, "दुपारी कुठे काम करू का?" की आपण लगेच, "आम्ही मेलोय का?" करू द्यावं थोडं. मुंबईच्या कॉलेजातून कुर्ल्याला गाडी बदलत, रेटारेटीत लोंबकळत घरी येणाऱ्या पोरांकडे संध्याकाळी जेवायचंही त्राण उरत नाही. इथेच शिकणाऱ्यांचे प्रवासाचे ते दोन तास वाचतात. त्यांचं काय करायचं, ते त्यांनाच ठरवू द्या. सगळेच्या सगळे क्लासला नका देऊ बाई.

पहिले काही महिने "लेक्चर झालं का?" याऐवजी "कँटीनमध्ये कोणाबरोबर बसलीस?" असं विचारून बघा. उत्तर लांबलचक येईल.

आणि एखाद्या रात्री ती रडलीच, "मला रुईयाच हवं होतं" म्हणून, तर तेव्हा कर्मवीरांची गोष्ट काढू नका. तिला हवं होतं, मिळालं नाही, म्हणून वाईट वाटतंय. वाटू दे. कुकर नंतर लावला तरी चालेल.