मज्जारज्जूची ताजी इजा आणि पेशी-उपचारांची कसोटी

झाडावरून पडल्याने किंवा वाहनाच्या अपघाताने पाठीचा कणा मोडला, तर त्यातील मज्जारज्जूस इजा होण्याचा संभव असतो. मेंदूचे आदेश हातापायांकडे व शरीराच्या संवेदना मेंदूकडे नेणारा हा मार्ग खंडित झाला, म्हणजे इजेच्या खालील भाग लुळा पडतो. मोडलेले हाड सांधते, तसे मज्जारज्जूतील तंतू आपोआप सांधत नाहीत. म्हणूनच तेथे नव्या पेशी सोडून हानी भरून काढता येईल काय, याचा शोध शास्त्रज्ञ घेत आहेत.

या उपचारात वेळेला महत्त्व आहे. इजेनंतरचे पहिले काही दिवस तेथे तीव्र दाह असतो व नव्या पेशी तग धरू शकत नाहीत. पुढे काही महिन्यांत घट्ट वण तयार होऊन त्यांची वाट अडते. मधला थोडक्या आठवड्यांचा काळ अनुकूल मानला जातो.

अमेरिकेत जेरॉन या कंपनीच्या चाचणीत ऑक्टोबर २०१० मध्ये अटलांटा येथील रुग्णास मानवी भ्रूणपेशींपासून तयार केलेल्या पेशी प्रथमच देण्यात आल्या. एकूण ५ रुग्णांना प्रत्येकी सुमारे २० लाख पेशी मिळाल्या. नोव्हेंबर २०११ मध्ये आर्थिक कारणास्तव कंपनीने हे काम थांबविले. तथापि रुग्णांची तपासणी पुढे अनेक वर्षे चालू राहिली व पेशींमुळे गंभीर अपाय झाल्याचे आढळले नाही.

जपानमधील केइओ विद्यापीठाने डिसेंबर २०२१ मध्ये निराळ्या पद्धतीची चाचणी आरंभिली. मानवी पेशी मूलावस्थेत परत नेऊन त्यांपासून चेतापेशींच्या पूर्वपेशी बनविण्यात आल्या. इजेनंतर १४ ते २८ दिवसांच्या आत ४ रुग्णांना त्या देण्यात आल्या. मार्च २०२५ मध्ये जाहीर झालेल्या माहितीनुसार गंभीर अपाय झाला नाही. दोघांत सुधारणा दिसली आणि त्यांपैकी एकास आधाराविना उभे राहता आले.

मग उपाय सापडला, असे म्हणावे काय? तसे म्हणता येत नाही. इजेनंतरच्या पहिल्या काही महिन्यांत काही रुग्ण पेशींवाचूनही अंशतः सुधारतात. तेव्हा सुधारणेचे श्रेय पेशींचे, व्यायामाचे की निसर्गाचे, हे ठरविण्यासाठी तशाच इजेच्या, परंतु पेशी न दिलेल्या रुग्णांशी तुलना करावी लागते. वरील दोन्ही चाचण्यांत असा तुलनेचा गट नव्हता. उपचार सुरक्षित आहे काय, एवढेच पाहणे हा त्यांचा प्रमुख हेतू होता.

भारतात २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्ताच्या काही विकारांवरील मान्य उपचार वगळता, मूलपेशींचा वापर केवळ संमत चाचणीतच करावयाचा असतो आणि त्यासाठी रुग्णाकडून पैसे घ्यावयाचे नसतात. म्हणून कोणी खात्री देऊन मोठी रक्कम मागू लागल्यास शेत गहाण टाकण्यापूर्वी चाचणीच्या सरकारी नोंदणीचा क्रमांक विचारावा. अपघातस्थळी मात्र जखमीस उठवून बसवू नये. मान व पाठ सरळ ठेवून त्यास फळीवरून रुग्णालयात न्यावे. मज्जारज्जूचा जो भाग वाचला आहे, तो राखणे हे गावकऱ्यांच्याही हाती आहे.