बांबू: झाड की गवत?

मुलांनो, आधी एका प्रश्नाचे उत्तर द्या. बांबू हे झाड आहे की गवत? तो उंच असतो, टणक असतो, त्याची शिडी होते, घराला आधार होतो. म्हणजे झाडच, असे तुमच्यापैकी बरेच जण म्हणतील. पण वनस्पतिशास्त्र म्हणते, गवत! गहू, भात, ऊस आणि आपल्या घरामागची हिरवळ ज्या कुळातली, त्याच कुळातला बांबू. त्याला झाडासारखी साल नसते. तो कापला तर आत वर्षावर्षाची वर्तुळे दिसत नाहीत. जमिनीतून निघालेला कोंब एकाच हंगामात पूर्ण उंची गाठतो. त्यानंतर तो उंच वाढत नाही, नुसता पिकत जातो. आणि गवतासारखाच जमिनीखालून पसरतो. इथे अमेरिकेत कुंपणाखालून पलीकडे गेलेल्या बांबूवरून शेजाऱ्या-शेजाऱ्यांत भांडणे होतात, हे पालकांना ठाऊक असेलच.

हा प्रश्न तुम्हाला विज्ञानाच्या परीक्षेतला वाटेल. पण महाराष्ट्रातल्या एका लहान गावाची रोजीरोटी याच प्रश्नावर अडली होती. बांबू 'झाड' ठरला तर तो सरकारचा. तसा ठरला नाही तर गावाचा. त्या गावाची हकिगत हाच आजचा पाठ.

बांबूला मराठीत नावे पुष्कळ: कळक, वेळू, चिवा, मेस, माणगा. यांतली काही निरनिराळ्या जातींची आहेत, आणि कोकणातला माणूस एक शब्द वापरील तर देशावरचा दुसरा. बांबूच्या वस्तू तर मोजता येणार नाहीत. सूप, टोपली, रोवळी, परडी, धान्याची कणगी, पावसात डोक्यावर घ्यायचे इरले, बासरी, पाडव्याच्या गुढीची काठी. (आपल्यापैकी काही घरांत गुढी पडद्याच्या दांडीवर उभी राहते, ते आम्ही पाहिले आहे. चालायचेच.) या वस्तू विणणाऱ्या कारागिरांना बुरूड म्हणतात. तान्ह्या बाळाच्या पाळण्यापासून माणसाच्या शेवटच्या प्रवासापर्यंत बांबू सोबत असतो.

आता नकाशा उघडा. महाराष्ट्राच्या अगदी पूर्वेला, छत्तीसगड आणि तेलंगणाला लागून गडचिरोली जिल्हा दिसेल. १९८२ साली तो चंद्रपूर जिल्ह्यातून वेगळा झाला. जिल्ह्याचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग जंगल आहे. साग, ऐन, मोह, तेंदू, चारोळी आणि बांबूची बेटेच बेटे. आपल्या वर्गातल्या बहुतेकांचे आजोळ पुण्या-मुंबईकडे किंवा फार तर नागपूरला. गडचिरोली पाहिलेला पालक विरळाच, म्हणून हा जिल्हा मुद्दाम निवडला.

या जिल्ह्यात धानोरा तालुक्यात मेंढा नावाचे गाव आहे. शेजारच्या लेखा गावाशी जोडून त्याला मेंढा (लेखा) म्हणतात. वस्ती जेमतेम पाचशेच्या आसपास, बहुतेक सगळे गोंड. घरात ते गोंडी बोलतात. गोंडी ही मराठीची बहीण नव्हे. ती तेलुगू-कन्नडच्या कुळातली आहे. म्हणजे या गावातली मुलेही तुमच्यासारखीच घरी एक आणि शाळेत दुसरी भाषा बोलतात. फक्त त्यांच्या बाबतीत शाळेतली भाषा मराठी!

गावाभोवती सुमारे अठराशे हेक्टर जंगल आहे. सरपण, घरासाठी लाकूड, मोहाची फुले, मध, डिंक, चारोळी, तेंदूची पाने, पावसाळ्यात बांबूचे कोवळे कोंब (विदर्भात त्यांना वास्ते म्हणतात आणि त्यांची भाजी करतात), सगळे तिथलेच. गावाचे देवही त्याच जंगलात. पण कागदोपत्री जंगल सरकारचे होते. इंग्रजांच्या काळापासून जंगलांवर सरकारचा ताबा वाढत गेला होता. स्वातंत्र्यानंतर जमीनदाऱ्या गेल्या आणि त्यांची जंगलेही सरकारजमा झाली. कागदाच्या गिरण्यांसाठी जंगलातला बांबू ट्रक भरभरून जात असे. त्याच बांबूची एक गाडी गावकऱ्याने विकायला नेली असती तर तो गुन्हा ठरला असता.

ज्या कायद्याने हे चाले तो आहे १९२७ चा भारतीय वन अधिनियम. त्यात 'झाड' म्हणजे काय याची व्याख्या दिली आहे आणि त्या व्याख्येत ताड-माडांबरोबर बांबूही घातलेला होता. बांबू झाड ठरले, की तोडलेला बांबू लाकूड ठरला. लाकूड तोडायला परवानगी हवी, वाहून न्यायला परवाना हवा. ही चूक अज्ञानाने झाली असे आम्हाला वाटत नाही. बांबू गवत आहे हे त्या काळच्या वनाधिकाऱ्यांना चांगले ठाऊक होते. व्याख्या शास्त्रासाठी नव्हती, ताब्यासाठी होती.

१९८० च्या दशकात या भागात गोदावरी-इंद्रावतीवर मोठी धरणे बांधायची योजना आली. त्यांत जंगल आणि गावे बुडणार होती. बाबा आमटे यांच्यासारखी माणसे विरोधाला उभी राहिली, आदिवासी संघटित झाले आणि धरणे थांबली. त्या चळवळीतून मेंढ्याच्या लोकांना एक प्रश्न पडला. जंगल वाचवा म्हणून आपण सरकारला सांगतो, पण आपल्या गावात आपण काय करतो? गावाचे पुढारी देवाजी तोफा आणि चंद्रपूरच्या 'वृक्षमित्र' संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल यांच्या खटपटीने गावात अभ्यासगट सुरू झाला. अभ्यासगट म्हणजे शाळा नव्हे. लोकांनी एकत्र बसून एकेका विषयावर वाचायचे, बोलायचे, जाणकारांना विचारायचे. वनकायदा काय म्हणतो? मधमाश्या न मारता मध कसा काढता येईल? निर्णय मात्र अभ्यासगटाने घ्यायचा नाही, तो ग्रामसभेने घ्यायचा.

ग्रामसभा आणि ग्रामपंचायत यांत तुमचा गोंधळ होऊ देऊ नका. ग्रामपंचायत म्हणजे निवडून दिलेले थोडे सदस्य. ग्रामसभा म्हणजे गावातली सगळी मोठी माणसे, बाया आणि पुरुष दोन्ही. मेंढ्याच्या ग्रामसभेत हात वर करून बहुमत मोजत नाहीत. सगळ्यांची सहमती झाली तरच निर्णय. एकाचेही मन नसेल तर विषय पुढच्या सभेला. दारूबंदीचा विषय बायांनी काढला तेव्हा तो असाच पुढे पुढे गेला. पुरुष लगेच कसे ऐकतील! कितीतरी सभा झाल्यावर सगळे तयार झाले, आणि धार्मिक विधीपुरती मोहाची दारू ठेवून बाकी बंदी आली. हे फार सावकाश काम आहे, आणि घाईच्या माणसाला ते सोसणार नाही. पण जो निर्णय प्रत्येकाने स्वतः मान्य केला तो मोडायला मन धजत नाही. जंगलाचे नियमही असेच ठरले: वणवा लावायचा नाही, जंगलात अतिक्रमण करायचे नाही, फळझाड तोडायचे नाही, बाहेरच्याने ग्रामसभेला विचारल्याशिवाय काही न्यायचे नाही. पहारा गावकऱ्यांचाच.

गावाची घोषणा प्रसिद्ध आहे. गोंडीत ती अशी: 'मावा नाटे मावा राज', म्हणजे आमच्या गावात आमचे राज्य. मराठीत ती थोडी लांब आहे: 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार.' इथे व्याकरणाकडे लक्ष द्या. 'आमचे सरकार' म्हणजे आपण निवडून दिलेले, पण दुसरीकडे बसलेले. 'आम्हीच सरकार' यातला एवढासा 'च' काढून पाहा. घोषणेचा सगळा जोर गेला की नाही? दिल्लीचे सरकार नको असे गाव म्हणत नाही. ते आपले आहेच, पण गावातले काम आमचे, एवढेच म्हणते.

२००६ साली संसदेने वनहक्क कायदा केला. पिढ्यान्‌पिढ्या जंगलात राहणाऱ्यांचे हक्क हिरावले गेले हा ऐतिहासिक अन्याय होता, असे त्या कायद्यानेच कबूल केले आहे. त्यात 'गौण वनोपज' गोळा करण्याचा आणि विकण्याचा हक्क लोकांना दिला. गौण वनोपज म्हणजे लाकूड सोडून जंगलातून मिळणाऱ्या वस्तू: मध, डिंक, तेंदूपाने, औषधी मुळ्या. आणि या यादीत बांबूचे नाव स्पष्ट लिहिले. २००९ साली मेंढा गावाला अठराशे हेक्टरांवर सामूहिक वनहक्क मिळाला. देशात असा हक्क सर्वांत आधी मिळालेल्या गावांत मेंढा आहे.

पुढे काय झाले असेल? गावाने बांबू विकायचे ठरवले, तर वाहतुकीचा परवाना मिळेना. एक कायदा म्हणे गौण वनोपज, दुसरा म्हणे झाड! हक्काचा कागद गावाच्या हाती, पण परवान्यावाचून बांबू गावाबाहेर नेता येईना. मार्च २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण व वनमंत्री जयराम रमेश यांनी मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून, बांबू गौण वनोपज समजावा असे कळवले. २७ एप्रिल २०११ रोजी ते स्वतः मेंढ्याला आले आणि परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले गेले. म्हणजे आता परवाना मागायचा नव्हता, ग्रामसभेनेच तो द्यायचा होता. बांबूच्या विक्रीतून गावाचे उत्पन्न कोटी रुपयांच्या घरात गेले. २०१७ साली १९२७ च्या अधिनियमातही दुरुस्ती झाली आणि झाडाच्या व्याख्येतून बांबू गेला. नव्वद वर्षांनी!

एवढा पैसा हाती आल्यावर सगळेच बेट कापून विकावे असा मोह होणार नाही का? म्हणून बांबू कसा तोडावा हेही शिकून घ्या. कोवळा, त्या वर्षीचा बांबू तोडायचा नाही. पिकलेला तोडायचा, पण सगळा नाही. नव्या कोंबांना आधाराला आणि अन्नाला जुने काही राखावेच लागतात. जमिनीपासून थोडे वर, पेराच्या जरा वरच काप घ्यायचा, म्हणजे खुंटात पाणी साचून तो कुजत नाही. पावसाळ्यात तोड बंद, कारण तेव्हा कोंब येतात. मजूर लावून घाईने तोड करणाऱ्या कंत्राटदाराला बेटाच्या मधले बांबू काढायचा कंटाळा येतो. तो कडेचे सोपे, कोवळे बांबू उतरवतो. त्याला त्या बेटाकडे पुन्हा यायचे नसते. गावाला दर वर्षी यायचे असते.

पालकांसाठी थोडे. सगळीकडे मेंढ्यासारखे झाले आहे असे समजू नये. गडचिरोलीत पुढे शेकडो गावांना सामूहिक हक्क मिळाले, पण हिशेब ठेवणे, व्यापाऱ्याशी भाव ठरवणे, लिलाव करणे प्रत्येक गावाला सारखे जमत नाही. हक्क मिळूनही सभेला कोणी येत नसेल तर जुनाच कारभार नव्या नावाने चालतो. मुलांशी बोलताना ही बाजूही सांगावी. त्यांना ती समजते.

आता गृहपाठ. आजीला किंवा आजोबांना फोन करून त्यांच्या लहानपणी घरात बांबूच्या कोणत्या वस्तू होत्या ते विचारा आणि त्यांच्याच शब्दांत नावे लिहून आणा. नाव वेगळे असले तर 'चूक' म्हणून खोडू नका. 'कळक', 'कणगी', 'सहमती' आणि 'परवाना' हे शब्द वापरून एकेक वाक्य लिहा. मधल्या गटाने घोषणेसारखी, शेवटी 'च' लागलेली तीन वाक्ये करावीत.

मोठ्या गटाने पुढच्या रविवारी वर्गात ग्रामसभा भरवायची आहे. विषय असा: कळकाला कित्येक वर्षांनी एकदाच फुले येतात, आणि फुलोऱ्यानंतर तो बांबू मरतो, नवा बांबू बियांतून उगवून तोडीला यायला काही वर्षे जातात. तुमच्या गावच्या जंगलात या वर्षी फुलोरा दिसतो आहे. उभा बांबू आत्ताच तोडून विकायचा की बी गळेपर्यंत थांबायचे? मधल्या वर्षांत घरे कशी चालवायची? हात वर करून मोजणी नाही. सगळ्यांचे एकमत होईपर्यंत बोलायचे, आणि खाऊची सुट्टी त्यानंतर.