ग्रीन कार्डचे तीन दरवाजे : कर्तृत्व, पद आणि पैसा

मेसमध्ये अमेरिकेचा विषय निघाला की गाडी जीआरई, एमएस, एच-१बी करत करत ग्रीन कार्डपाशी येऊन थांबते. "पुढचं कंपनी बघेल" असं म्हणून आपण ताट उचलतो! पण कंपनीशिवायही काही वाटा आहेत. त्यांची ही थोडक्यात ओळख.

एच-१बी, एल-१, ओ-१ हे तात्पुरते व्हिसा. कायमच्या वास्तव्यासाठी १९९० च्या कायद्याने ईबी-१ ते ईबी-५ अशा पाच श्रेणी केल्या. सगळ्या मिळून वर्षाला साधारण १,४०,००० व्हिसा, तेही बायकामुलांसकट.

१) कर्तृत्व : ईबी-१ए साठी नोबेलसारखा मोठा पुरस्कार हवा, नाहीतर दहापैकी किमान तीन निकष. उदा. शोधनिबंध, इतरांच्या कामाचे परीक्षण, क्षेत्रातले मोलाचे योगदान. तीन भरले म्हणजे झाले असे नाही, नंतर एकूण कामाचा दर्जा तपासतात. अर्ज स्वतःच करता येतो. आपल्या सरांसाठी ईबी-१बी आहे : तीन वर्षांचा अनुभव, सहापैकी दोन निकष आणि नोकरीची ऑफर. ईबी-२ मध्येही 'राष्ट्रहित' दाखवले तर ऑफरची अट माफ होते. त्याच्या कसोट्या २०१६ च्या धनासर निकालात ठरल्या. तो अर्जदार एअरोस्पेसवाला होता, म्हणजे आपल्यातलाच!

२) पद : ईबी-१सी बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या मॅनेजर आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांसाठी. आधीच्या तीन वर्षांत किमान एक वर्ष त्याच कंपनीच्या परदेशी शाखेत असे पद सांभाळलेले असावे. व्हिजिटिंग कार्डावर 'मॅनेजर' छापून भागत नाही, प्रत्यक्ष काम बघतात.

३) पैसा : ईबी-५. २०२२ च्या कायद्याने रक्कम १०.५ लाख डॉलर ठरवली, ग्रामीण किंवा जास्त बेकारीच्या भागात ८ लाख. २०२७ पासून दर पाच वर्षांनी ती महागाईप्रमाणे बदलायची आहे. शिवाय दहा पूर्णवेळ नोकऱ्या निर्माण व्हायला हव्यात आणि पैसा कुठून आला याचा हिशेब द्यावा लागतो. सुरुवातीचे कार्ड दोन वर्षांचे, सशर्त. इकडे रिझर्व्ह बँकेच्या योजनेत एका व्यक्तीला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरच बाहेर पाठवता येतात, तेव्हा गणित आधी मांडलेले बरे.

आता खरी मेख. एका देशाला साधारण ७ टक्क्यांची मर्यादा आहे आणि देश मोजतात तो जन्माचा. त्यामुळे २०२५ मध्ये भारतीयांसाठी ईबी-२ मध्ये २०१२-१३ च्या अर्जांचे नंबर लागत होते, ईबी-१ मध्ये २०२२ च्या सुरुवातीचे. म्हणजे तीन वर्षे विरुद्ध बारा वर्षे! या काळात मुले २१ वर्षांची झाली तर थोडीफार सवलत धरूनही आईवडिलांच्या अर्जातून बाहेर पडू शकतात. एक दिलासा आहे : ईबी-२ चा अर्ज मंजूर झाला असेल, तर तीच तारीख पुढे ईबी-१ ला लावता येते.

तेव्हा 'गॅरंटीड ग्रीन कार्ड' म्हणणाऱ्या एजंटला लांबूनच नमस्कार करा. आणि आजपासून एक फाईल उघडा : पेपर, पेटंट, बक्षिसे, परीक्षणाची पत्रे, सगळे तारखेसकट. अमेरिकेला नाही गेलात तरी ही फाईल इथल्या इंटरव्ह्यूत कामाला येईलच.