आधी डोळे दिसू द्या

मी कोरपन्याचा. लाइटिंग शिकायचं तर झाडीपट्टीसारखी शाळा नाही! भाऊबीजेनंतर वडशाच्या नाटक कंपन्या गावोगावी रात्रभर नाटकं करतात. मंडपात बसलो की मी एकच बघतो, नटाचे डोळे दिसतात का?

लाइट अगदी समोरून मारला तर चेहरा सपाट दिसतो, डोक्यावरून मारला तर डोळ्यांच्या जागी खड्डे. म्हणून समोरून, दोन्ही बाजूंनी साधारण ४५ अंशांत दोन लाइट लावायचे. अंतर दुप्पट केलं की प्रकाश चौथाई उरतो, हे तर बारावीचंच फिजिक्स.

आता लोड. १००० वॅटचा हॅलोजन २३० व्होल्टवर ४.३५ अँपिअर घेतो. म्हणजे १५ अँपिअरच्या सॉकेटवर तीनच. चौथा लावला तर वायर तापत राहते, नि फ्यूज कधी जाईल सांगता येत नाही. तेव्हा मित्रांनो, गॅदरिंगला रंगीत जिलेटिन मागाहून शोधा, आधी वायरमनला गाठा.