लाकडी वास्तूंचा मागोवा : सातवाहन काळ ते जुनी इंदूर

इंदूरच्या राजवाड्याचे खालचे तीन मजले दगडी व वरचे मजले लाकडी आहेत. 1801, 1908 आणि 1984 अशा तीन वेळा ही वास्तू आगीच्या भक्ष्यस्थानी पडली. 1984 च्या आगीत दर्शनी भाग तेवढा उभा राहिला. मागील लाकूडकाम बहुतेक नष्ट झाले. पुढे त्याचा जीर्णोद्धार झाला. राजवाड्यापासून थोड्याच अंतरावर, खान नदीच्या परिसरात, जुनी इंदूर ही मूळ वस्ती आहे. तेथील जुन्या घरांचीही घडण तीच : दगडी जोते, तळखड्यांवर उभे केलेले लाकडी खांब, त्यांवर तुळया आणि कडीपाट. दोन-अडीच शतकांतील लाकडाची ही कथा असेल, तर दोन हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी घराचा शोध घ्यावयाचा कसा, हा प्रश्न पुरातत्त्वाच्या अभ्यासकापुढे उभा राहतो.

हा प्रश्न माळव्याच्या दृष्टीने परका नाही. युरोपात ज्यास रोमन काळ म्हणतात, तो आपल्याकडे सातवाहन व क्षत्रप राजांचा काळ होय. ‘पेरिप्लस’ या इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासवृत्तात ‘ओझेने’ म्हणजे उज्जयिनीचा उल्लेख असून तेथील माल बारिगाझा म्हणजे भडोच बंदराकडे जात असे, असे म्हटले आहे. हा व्यापार करणारी माणसे राहत होती कोणत्या घरांत? एरियन या ग्रीक लेखकाने नोंदविले आहे, की भारतात नदीकाठची व समुद्रकाठची नगरे लाकडाची बांधीत, कारण पाऊस व पूर यांपुढे विटांचा टिकाव लागत नसे. उंचावरील नगरे मात्र विटामातीची असत. जे पावसापासून वाचावे म्हणून लाकडाचे बांधले, ते लाकूडच पुढे पावसाने व वाळवीने नाहीसे केले!

लाकूड टिकते ते दोन परिस्थितींत : ते कायम पाण्याखाली, हवेच्या संपर्काविना राहिले तर, किंवा अगदी कोरड्या जागी राहिले तर. लंडन येथे थेम्स नदीकाठच्या ओल्या चिखलात रोमन काळातील धक्क्यांच्या ओक लाकडाच्या तुळया शाबूत मिळाल्या, त्या पहिल्या कारणाने. आपल्याकडे चार महिने ओल आणि आठ महिने सुकी जमीन हे चक्र चालू राहते व त्यात लाकडाचा निभाव लागत नाही. तरीही अपवाद आहेत. केरळातील पट्टणम् येथे 2007 साली पाणथळ थरात सुमारे सहा मीटर लांबीची लाकडी होडी आणि नावा बांधण्याचे सागवानी खुंट सापडले. महाराष्ट्रात तेर येथे, म्हणजे पेरिप्लसमधील ‘तगर’ नगरात, लाकडी तटबंदीचे अवशेष उत्खननात आढळले.

लाकूड कुजले, तरी त्याची जागा राहते. इंदूरच्या दक्षिणेस नर्मदेच्या काठी, महेश्वरसमोरील नावडाटोली येथे 1952-53 व 1957-59 या काळात डॉ. ह. धी. सांकलिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेले उत्खनन या बाबतीत उद्बोधक आहे. तेथील ताम्रपाषाणयुगीन घरे रोमन काळाच्या कितीतरी आधीची. परंतु ती वाचण्याची रीत कोणत्याही काळास लागू पडते. खांब कुजून गेल्यावर त्याच्या खड्ड्यात वेगळ्या रंगाची भुसभुशीत माती भरते. जमीन काळजीपूर्वक खरवडली, की गोल डाग दिसू लागतात आणि डागांच्या रांगेतून घराचा आराखडा उमटतो. नावडाटोलीची गोल व चौकोनी घरे अशीच ओळखली गेली. खड्ड्यांवरून खांबाची जाडी कळते, दोन खांबांतील अंतर कळते; छपराचा सांधा मात्र कळत नाही.

हा सांधा शोधण्यासाठी सह्याद्रीतील लेण्यांकडे वळावे लागते. भाजे येथील चैत्यगृहात, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमारास, दगडी छताखाली लाकडी कमानीच्या फासळ्या बसविल्या आहेत. छत दगडाचे असल्याने त्यांना भार पेलावयाचा नाही; पूर्वीच्या लाकडी सभागृहाची सवय तेवढी तेथे उरली आहे. भाज्याचे अष्टकोनी खांब आत कललेले आहेत. छपराचा दाब बाहेर ढकलतो म्हणून लाकडी खांब तिरपे रोवणे योग्यच. डोंगर कोरून काढलेल्या खांबास त्याची गरज नसते. काही तुळयांवर ब्राह्मी अक्षरेही कोरलेली आढळली आहेत. कार्ले येथील चैत्यगृह त्यानंतरचे, सुमारे 38 मीटर लांब. त्यातही लाकडी फासळ्या व स्तूपावरील लाकडी छत्र आजवर टिकून आहे. तेथील खांबांच्या तळाशी कुंभ कोरले आहेत. वाळवी लागू नये म्हणून खांब मडक्यात उभा करीत, त्याचे हे अनुकरण असावे, असे काही अभ्यासक मानतात.

परंतु सर्वांत बोलका पुरावा एका छोट्या लेखात आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहाचे द्वार धेनुकाकट येथील ‘वढकी’ सामि, वेणुवासाचा पुत्र, याने घडविले, असे तेथे नोंदविले आहे. वढकी म्हणजे सुतार. विदर्भात आजही सुतारास वाढई म्हणतात, माळव्यात बढई. दगडातील दरवाजावर सुताराचे नाव असावे, याचा अर्थ एवढाच, की लेणी कोरणाऱ्यांत लाकूडकाम जाणणारे कारागीर होते. लेण्यातील सज्जे, कठडे, कमानी यांचे आकार त्यांच्या हातात आधीच होते.

पेरिप्लसच्या नोंदीनुसार भडोचहून इराणच्या आखाताकडील बंदरांना सागाच्या तुळया व काळ्या लाकडाचे ओंडके जात. तांबड्या समुद्राच्या काठी, ईजिप्तमधील बेरेनिके या रोमन बंदरात 1994 पासून उत्खनने झाली. तेथील कोरड्या वाळूत घरांच्या भिंतींतून सागाचे लाकूड निघाले. साग तेथे उगवत नाही. भारतात बांधलेल्या वा दुरुस्त केलेल्या जहाजांचे लाकूड मोडून घरांस वापरले असावे, असा तर्क आहे. रोमन काळातील भारतीय लाकूड पाहावयास वाळवंटात जावे लागावे, हे चमत्कारिक खरेच!

बेरेनिकेचा धडा जुनी इंदूरमधील घरांसही लागू पडतो. एका वाड्याची तुळई दुसऱ्यास वापरण्याची रीत आपल्याकडे सर्वत्र होती. यास्तव तुळईचे वय हे घराचे वय समजणे धोक्याचे ठरते. रिकामी पडलेली जुनी खाच दिसली, की ते लाकूड पूर्वी अन्यत्र होते असे समजावे. जुने घर उतरविले जाते तेव्हा लाकूड वखारीत जाते आणि सांध्यांची माहिती त्याच दिवशी संपते. उतरविण्यापूर्वी खणांची मापे घ्यावीत, तळखड्यांच्या जागा आराखड्यात दाखवाव्यात, प्रत्येक सांध्याचे छायाचित्र घ्यावे, सुताराने केलेल्या जुळणीच्या खुणा टिपून ठेवाव्यात. सागास वार्षिक वलये असतात. म्हणून मोठ्या तुळईचा एक आडवा छेद, शक्य तर सालीजवळच्या कडेसह, कोणत्या खणातून काढला त्याच्या नोंदीसह कोरड्या जागी ठेवावा.