नाव नको, मिनिटं बघा

आमच्या कोल्हापूरकडच्या कोडोलीची पोरं कबड्डी आणि क्रिकेटवर वाढलेली. कोल्हापूर म्हटलं की कुस्ती आणि फुटबॉल. तरीही अमेरिकेतल्या एनबीए या बास्केटबॉल लीगच्या सामन्यांवर, फँटसी अ‍ॅपमध्ये पैसे भरून खऱ्या खेळाडूंतून आठ जणांचा संघ लावणारी पोरं आमच्या गल्लीत होती. क्रिकेट रात्री संपायचं आणि पहाटे दुधाच्या वेळेला तिकडचा सामना सुरू व्हायचा. मी बास्केटबॉल आवडीनं बघतो, म्हणून ती माझ्याकडे यायची. "दादा, कोण घेऊ?"

मी सांगायचो, आधी हिशेब समजून घ्या. तेव्हाच्या प्रचलित पद्धतीत खेळाडूनं केलेल्या बास्केटच्या प्रत्येक गुणाला १, रिबाउंडला (हुकलेला चेंडू पकडणं) १.२, असिस्टला (बास्केट होईल असा पास) १.५, स्टील (चेंडू हिसकावणं) आणि ब्लॉकला (फेक अडवणं) प्रत्येकी ३ मिळायचे आणि टर्नओव्हरला (चेंडू गमावणं) १ वजा व्हायचा. २०२४-२५ च्या हंगामात सर्वाधिक सरासरी गुण शाई गिल्जस-अलेक्झांडरचे होते, ३२.७. पण निकोला योकिच २९.६ गुणांसोबत सरासरी १२.७ रिबाउंड आणि १०.२ असिस्ट द्यायचा. या तीन आकड्यांचेच साठ होतात. बातम्यांत गाजतो तो आणि इथं उपयोगी पडतो तो, हे दोघे नेहमी एकच नसतात.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे मिनिटं. सामना ४८ मिनिटांचा. त्यातली ३६ खेळणारा साधा खेळाडू २० खेळणाऱ्या नावाजलेल्यापेक्षा बरा. प्रत्येक खेळाडूची किंमत क्रेडिटमध्ये असायची. शंभर क्रेडिटमध्ये आठ बसवायचे, तर स्वस्तातले एकदोन लागायचेच, आणि ते सापडायचे दुखापतींच्या यादीवरून. मुख्य खेळाडू बाहेर बसला की त्याची मिनिटं कुणाला तरी मिळणार असतात. ती कुणाला, एवढं शोधायचं. संघ लागोपाठ दोन दिवस खेळत असेल तर मोठ्या खेळाडूला विश्रांती मिळू शकते. एकतर्फी सामन्यात शेवटच्या सत्रात मुख्य पाच बाकावर जातात. आणि सुरुवातीचे पाच सामन्याच्या अर्धा तास आधी जाहीर होतात, म्हणून रात्री लावलेला संघ पहाटे पुन्हा बघायलाच हवा.

८ फेब्रुवारी २०२५ चा सामना आठवतो. लुका डॉन्चिचच्या बदल्यात डॅलसला आलेला अँथनी डेव्हिस पहिल्याच सामन्यात २६ गुण, १६ रिबाउंड, ७ असिस्ट करून तिसऱ्या सत्रात जायबंदी झाला. मार्चच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत तो परतला नाही. मागचा आकडा बघून पुढच्या सामन्याला त्याला घेणाऱ्याच्या खात्यात शून्य.

हे सगळं खरं आहे, शिकण्यासारखं आहे. आणि नेमकं इथंच पोरं अडकली.

आमच्या गल्लीतला एक पोरगा हे माझ्यापेक्षा चांगलं जाणायचा. जे नुसते नशीब बघायला आले होते, ते चारदोन वेळा पैसे गेल्यावर सुटले. हा सुटला नाही, कारण हरल्यावर त्याच्याकडे प्रत्येक वेळी कारण असायचं. "दादा, तो शेवटची पाच मिनिटं उतरला असता तर आपलंच होतं बघा." कारण खरंही असायचं! पण मोठ्या स्पर्धेत हजारो संघ असायचे, दुखापतीची बातमी सगळ्यांनाच कळलेली असायची, एकेक जण अनेक संघ लावायचा आणि बक्षिसाची मोठी रक्कम अगदी वरच्या थोड्यांत वाटली जायची. बरा संघ लावून तिथं पैसे सुटायचे नाहीत. त्यात २०२३ मध्ये पिंपरी-चिंचवडच्या एका फौजदाराला दीड कोटी लागल्याची बातमी आली. ती पोरांच्या तोंडी होती. पुढे त्या फौजदाराचं निलंबन झालं, ते फारसं कुणी बोललं नाही. गल्लीतल्या त्या पोरानं कर्ज देणाऱ्या अ‍ॅपवरून पैसे उचलले. ते फेडायला घरची म्हैस विकावी लागली.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं कायदा केला. कौशल्य की नशीब, हा वाद त्यात उरलाच नाही. पैसे लावून खेळवले जाणारे सगळे ऑनलाइन खेळ बंद. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो, जाहिरात करणाराही सुटत नाही. खेळणाऱ्याला मात्र शिक्षा नाही. म्हणून पैसे अडकलेल्या पोरानं लपून बसू नये.

आता टेलिग्रामवर परदेशी अ‍ॅपच्या लिंका फिरतात, "खात्रीचा संघ" विकणारे भेटतात. ज्याला खात्री आहे तो संघ विकत कशाला बसेल? तसल्या लिंका उघडू नका, आधार आणि बँकेचा तपशील तर अजिबात देऊ नका.

आवड असेल तर वही घ्या. मित्रांत फुकट संघ लावा, कुणाला का घेतलं ते सामन्याआधी लिहा आणि नंतर ताडून बघा. खेळ कळतो तो असाच.

आणि घरच्यांनो, पोरगं पहाटे मोबाईल घेऊन बसत असेल, पैसे मागताना कारणं बदलत असेल, तर ओरडण्याआधी किती देणं झालंय ते शांतपणे विचारा. फसवणूक झाली असेल तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा. जितका उशीर, तितके पैसे अडवणं अवघड. झोप उडाली असेल, जिवाचं बरंवाईट करायचं बोलत असेल, तर टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक रात्रीही लागतो, आणि मराठीत बोलता येतं.